मटण जंतुमुक्त हवं म्हणून मेंढरांच्या खुराकात अँटिबायोटिक मिसळावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कागल तालुक्यात तुम्ही चाळीसभर माडग्याळी मेंढरं बंदिस्त पाळता आणि माल ठरलेल्या एका केटररला देता. मध्यंतरी त्यांच्या एका जेवणात काही पाहुण्यांना जुलाब झाले, तेव्हापासून ते "मटण जंतुमुक्त पाहिजे" म्हणून मागे लागलेत. खाद्याच्या दुकानदारानं तोडगा सुचवला: कापायच्या आधी दहा दिवस खुराकात अँटिबायोटिकची पावडर मिसळा, पोटातले जंतू मरून जातात, अमेरिकेत असंच करतात. तुम्ही आठ कोकरांना तीन दिवस पावडर घातलीही. आता त्यांनी खुराक खाणं कमी केलंय, आणि पावडर पुढं चालू ठेवावी का, असं तुम्ही विचारताय.

चालू ठेवू नका, आजच बंद करा. त्या आठ कोकरांचं काय करायचं ते शेवटी सांगतो. पण नुसतं "नको" म्हणून भागणार नाही, कारण केटररचा तगादा तसाच राहील आणि दुकानदार उद्या दुसरी पुडी काढेल. म्हणून कारणं नीट सांगतो. मी या जिल्ह्यात बरीच वर्षं गुरं-मेंढरं तपासत आलोय. माणसांचा डॉक्टर मी नाही, पण जनावराकडून ताटापर्यंत जंतू कसा जातो हा आमच्याही अभ्यासाचा भाग आहे.

आधी त्या जेवणाकडं बघू, कारण सगळं तिथूनच सुरू झालंय. लोकांना त्रास जेवल्यानंतर किती तासांनी झाला, हे केटररला विचारा. उत्तरावरून निम्मा उलगडा होतो. दोन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या असतील, तर बहुतेक वेळा कुणाच्या तरी हाताच्या जखमेतून किंवा नाकातून आलेला स्टॅफिलोकोकस अन्नात वाढलेला असतो. त्याचं विष उकळूनही जात नाही. रात्री जेवले आणि पहाटे पोटात कळ येऊन जुलाब लागले, ताप मात्र नाही, असं असेल तर माझा संशय क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सवर जातो. ताप येऊन एक-दोन दिवस अंथरूण धरलं असेल तर साल्मोनेला असू शकतो. आणि तीन-चार दिवसांनी रक्ताचे जुलाब झाले असतील तर ई. कोलायच्या विषारी जातीचा विचार करावा लागतो. दुकानदार अमेरिकेचं नाव घेतो, तिथल्या प्रयोगांचा रोख याच जातीवर, ओ१५७ वर, होता.

मोठ्या पंगतीत मटणातून होणारा त्रास बघितला तर परफ्रिंजन्स फार वेळा गुन्हेगार असतो, आणि त्याची गंमत अशी की तो शिजवल्यानं मरत नाही. त्याचे बीजाणू, म्हणजे कडक कवचात झोपलेले जंतू, उकळीतही टिकतात. दुपारी मोठ्या हंड्यात आळणी (मटणाचं बिनमसाल्याचं पाणी) काढली, मटण त्यातच ठेवलं, रस्सा रात्री फोडणी घालून वाढला, तर मधल्या सहा-सात तासांत हंड्याच्या पोटातलं मटण कोमट राहतं. ४०-४५ अंशांना हा जंतू दर दहा-पंधरा मिनिटांनी दुप्पट होतो. रात्री वरवर गरम केलं तर तो मरतोच असं नाही, आणि खाल्ल्यावर माणसाच्या आतड्यात जाऊन विष तयार करतो. तुमच्या मेंढराला दहा दिवसच काय, वर्षभर पावडर चारलीत तरी या हंड्यातलं काही बदलत नाही. बीजाणू मातीत असतात, मसाल्यात असतात, हवेतल्या धुळीत असतात. तिथं इलाज एकच: मटण ६० अंशांच्या वर गरम ठेवायचं, नाहीतर पसरट भांड्यांत काढून झटपट गार करायचं आणि वाढण्याआधी पूर्ण उकळी आणायची. हे केटररला सांगायला तुम्हाला अवघड वाटेल, गिऱ्हाईक आहे. पण सांगावं लागेल, कारण नाहीतर दोष तुमच्या गोठ्यावर येऊन बसतो.

आता दुकानदाराकडं वळू. तो धादांत खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत असे प्रयोग झालेत. मेंढी-गाय-म्हैस या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात ई. कोलाय ओ१५७ काही त्रास न देता राहतो. जनावर ठणठणीत असतं, लेंडीतून जंतू पडत राहतात. म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी विचार केला की कापण्याआधीच शेणातले जंतू कमी केले तर मांसावर कमी येतील. निओमायसिन हे अँटिबायोटिक आतड्यातून रक्तात फारसं शोषलं जात नाही, म्हणून ते गुरांना थोडे दिवस देऊन बघितलं, आणि शेणातला ओ१५७ खरोखर पुष्कळ कमी झाला. मेंढ्यांना मुद्दाम जंतू पाजून मोनेन्सिनसारखी खाद्यात घालायची औषधंही तपासली, त्यात फारसा फरक दिसला नाही. सोडियम क्लोरेट नावाच्या रसायनावर, जंतू खाणाऱ्या विषाणूंवर, लॅक्टोबॅसिलसच्या प्रोबायोटिकवरही काम झालं. म्हणजे विचार वेडा नव्हता.

मग तिथंही कापण्याआधी निओमायसिन देणं हा नेहमीचा रिवाज का झाला नाही? हे समजलं की तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं.

एक तर आकड्यांचा हिशोब. समजा, एका ग्रॅम लेंडीत असे एक लाख जंतू आहेत. औषधानं शंभरातले नव्व्याण्णव मारले तरी हजार उरतात. ओ१५७ माणसाला आजारी पाडायला शंभरापेक्षा कमी जंतूही पुरतात. म्हणजे शेणात "पुष्कळ कमी" झालं तरी सुरीला लेंडी लागलेली असेल तर मटण सुरक्षित झालं असं म्हणता येत नाही. आणि औषध थांबवलं की जंतूंची संख्या पुन्हा वाढायला लागते. शेजारच्या जनावराची लेंडी पाण्याच्या टाकीत पडते, तेच पाणी सगळी पितात, चक्र परत सुरू.

इथंच दुसरी अडचण येते, आणि ती तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. औषध कापण्याच्या अगदी आधीपर्यंत दिलं तरच त्याचा उपयोग. पण औषध अंगात असताना जनावर कापता येत नाही, कारण त्याचा अंश मांसात, त्याहून जास्त काळजा-गुर्द्यात राहतो. औषध थांबवल्यापासून कापेपर्यंत ठेवायच्या या अवधीला लेबलवर विथड्रॉवल पिरियड म्हणतात. अमेरिकेत निओमायसिनच्या पाण्यातून द्यायच्या पावडरीला मेंढीसाठी तो दोन दिवस आहे, कारण तिथं तो मोजून ठरवलेला आहे. आपल्याकडं २०१२ पासून औषध नियमांत तरतूद आहे की त्या जातीच्या जनावरासाठी तपासून ठरवलेला अवधी नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे, दूध-अंड्यांसाठी ७ दिवस. तुम्ही आज औषध थांबवून २८ दिवसांनी कोकरू विकलंत तर तोवर पोटातले जंतू पूर्वीसारखेच झालेले असतात. २८ दिवस न पाळता विकलंत तर तुमच्या मटणात औषधाचा अंश आहे. या दोन्हींच्या मधली वाट नाही. मटण शिजवलं की औषध उडून जातं, असं काही लोक सांगतात. त्यावर विसंबू नका, स्वयंपाकाच्या उष्णतेला बरीच अँटिबायोटिकं दाद देत नाहीत. आणि कोल्हापुरात गुर्दा-काळीज आवडीनं, पोराबाळांना मुद्दाम खायला घालतात. निओमायसिन-जेंटामायसिनच्या गटाची औषधं नेमकी गुर्द्यात अडकून बसतात. जेंटामायसिनचं इंजेक्शन दिलेल्या गायीच्या गुर्द्यात ते महिनोन् महिने सापडतं.

तिसरी गोष्ट म्हणजे उरलेले जंतू. तणनाशकाला न मरणारं तण उरलं की पुढच्या हंगामात शेतभर तेच दिसतं, तसं इथं होतं. हे मी पुस्तकी भीती म्हणून सांगत नाही. मेंढ्यांचंच उदाहरण घ्या. अमेरिकेत मेंढ्या गाभडण्याचं एक मोठं कारण कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आहे. ते टाळायला गाभण मेंढ्यांच्या खाद्यात क्लोरटेट्रासायक्लिन घालायची तिथं परवानगी होती आणि वर्षानुवर्षं ते वापरलं गेलं. २००८ च्या सुमारास संशोधकांनी दाखवून दिलं की तिथल्या कळपांतली बहुतेक गाभडणी आता कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीच्या एकाच घराण्याकडून होते, आणि ते घराणं टेट्रासायक्लिनला जुमानत नाही. जे औषध रोखण्यासाठी होतं तेच कुचकामी झालं. पुढं कच्चं दूध पिऊन आजारी पडलेल्या माणसांतही तेच घराणं सापडलं. तुमचा दुकानदार जी पिवळी पावडर देतो ती बहुधा ऑक्सिटेट्रासायक्लिन असते, याच कुटुंबातली. पुडीवरचं नाव वाचा.

आपल्याकडं हे सगळं जास्त वेगानं पसरायची सोय आहे, कारण आपली मेंढरं गोठ्यापुरती राहत नाहीत. टेट्रासायक्लिनचा मोठा भाग शेणामुतातून जसाच्या तसा बाहेर येतो. दिवाळीनंतर कळप खतासाठी बागायतदाराच्या रानात बसवतात, त्याच रानात पुढं मेथी-कोथिंबीर होते. तुम्ही बंदिस्त पाळत असलात तरी तुमचं लेंडीखत कुणीतरी नेतच असेल. औषध आणि औषधाला सरावलेले जंतू दोन्ही त्या खतातून जातात, आणि ती कोथिंबीर कच्चीच खाल्ली जाते.

म्हणूनच जगभर हे आवळत नेलंय. युरोपात वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं १ जानेवारी २००६ पासून बंद आहे. अमेरिकेत २०१७ पासून माणसांच्या उपचारात महत्त्वाची औषधं वाढीसाठी खाद्यात घालता येत नाहीत, आजारासाठी घालायची तर पशुवैद्याचा लेखी आदेश लागतो. म्हणजे "अमेरिकेत असंच करतात" हे आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. आपल्या सरकारनं जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिनवर खाद्योपयोगी जनावरांसाठी बंदी घातली. त्याआधी २०१५ साली चीनमध्ये डुकरांतल्या ई. कोलायमध्ये एक जनुक सापडला होता, जो कोलिस्टिनला निकामी करतो आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे उडी मारतो. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागातलं शेवटच्या फळीचं औषध. जुन्या पुड्यांमध्ये ते अजून मिळालं तर हात लावू नका.

आणखी एक गुंता आहे, थोडा किचकट, पण सांगतो. ई. कोलाय ओ१५७ चं विष त्याच्या आत लपलेल्या एका विषाणूच्या जनुकात असतं. काही अँटिबायोटिकं, विशेषतः सिप्रोफ्लॉक्सासिन-एन्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली, जंतूवर घाव घालतात तेव्हा हा विषाणू जागा होतो आणि विष जास्त तयार होतं. माणसात ओ१५७ चा संशय असला की डॉक्टर अँटिबायोटिक द्यायला कचरतात ते यामुळेच. तेव्हा "कुठलंही घाला, जंतूच मरतील" हा समजच मुळात चुकीचा आहे.

आता तुमची कोकरं खुराक का टाकतायत ते. मेंढीचं कोठीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, ही जंतूंचीच वस्ती. कडबा-वाडं पचवतात ते हे जंतूच, मेंढी त्यांच्या जिवावर जगते. सगळीकडं मार करणारं अँटिबायोटिक तोंडावाटे गेलं की ही वस्ती उठते. रवंथ कमी होतो, पोट जड राहतं, हगवण लागते. मोठ्या मेंढीला तोंडावाटे अशी औषधं द्यायला आम्ही टाळतो, गरज पडली तर इंजेक्शन देतो, त्याचं कारण हे. शिवाय खुराकात मिसळून दिलेलं औषध कुणाच्या पोटात किती गेलं हे कळत नाही. दांडगं कोकरू गव्हाणीत पुढं घुसून दुप्पट खातं, अशक्त मागं राहतं. ज्याला खरंच आजार आहे ते तर खुराकाला तोंडच लावत नाही. घमेल्यात हातानं कालवलेली पावडर तळाला एकीकडं जाते ती वेगळीच. म्हणजे काहींना जास्त आणि बाकीच्यांना अर्धवट मात्रा, आणि जंतू पक्के व्हायला अर्धवट मात्रेसारखं दुसरं काही नाही.

विषय निघालाच आहे तर एक धोक्याची सूचना. दुकानदार कधीकधी "कोंबडीखाद्य स्वस्त पडतं, त्यात औषध आधीच असतं" म्हणून ते गळ्यात मारतात. कोंबडीखाद्यात रक्ती हगवणीसाठी मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन अशी औषधं असू शकतात. कोंबडी जी मात्रा सहज पचवते ती मेंढीला जड जाते, हृदयाचे आणि अंगाचे स्नायू मरतात. घोड्याला तर मोनेन्सिन म्हणजे विषच, किलो वजनामागं दोन-तीन मिलिग्रॅममध्ये घोडं मरू शकतं. फिरत्या धनगरांच्या तळावर बिऱ्हाड वाहायला घोडी असते आणि ती मेंढरांच्या गव्हाणीत तोंड घालणारच. तुमच्याकडं घोडी नसेल, पण हे वाचणाऱ्या कुणाकडं असेल.

मग मटण स्वच्छ कसं द्यायचं? इथं तुमच्या हातात बरंच काही आहे, आणि पावडरीपेक्षा ते जास्त कामाचं आहे. निरोगी जनावराच्या मांसाच्या आत जंतू जवळजवळ नसतात. ते वरून लागतात. मेंढीत ते मुख्यतः दोन ठिकाणांहून येतात: सोलताना लोकरीवरून, आणि पोट काढताना फाटलेल्या आतड्यातून. ब्रिटनमध्ये अंगावर शेण माखलेली मेंढी कत्तलखान्यात कापायलाच घेत नाहीत, इतका त्या लोकरीचा हिशोब धरतात.

माडग्याळी मेंढराला लोकर कमी, ही तुमची जमेची बाजू. तरीही शेपटीखालची, मांड्यांच्या आतली आणि पोटाखालची लोकर विकायच्या चार-पाच दिवस आधी कातरून घ्या. आदल्या दिवशी धुवू नका. ओल्या लोकरीतून घाण ठिबकते आणि सोलताना मांसावर उतरते, कोरडं जनावर केव्हाही बरं. पावसाळ्यात कागलकडची काळी माती गोठ्यात कशी चिकटते हे तुम्हाला माहीत आहे. शेवटचे आठ दिवस तरी विकायची जनावरं फळ्यांच्या माचावर किंवा कोरड्या पाचटावर ठेवा आणि पाचट ओलं झालं की बदला. पाण्याची टाकी आठवड्यातून दोनदा रिकामी करून घासा, आतून चुना मारा, आणि लेंडी पडणार नाही इतकी उंच ठेवा. सगळ्या कळपात जंतू फिरवणारी जागा तीच असते, आणि सगळ्यात दुर्लक्षितही तीच.

उपाशी ठेवण्याबद्दल लोकांत दोन टोकं दिसतात. काहीजण कापायच्या वेळेपर्यंत चारतात, मग पोट टम्म भरलेलं असतं आणि सुरी लागली की फुटतं. काहीजण दोन-दोन दिवस काही देत नाहीत. तेही वाईट, कारण कोठीपोट रिकामं झालं की तिथली आम्लं कमी होतात आणि साल्मोनेला-ई. कोलायला रान मोकळं मिळतं. माझ्या मते साधारण बारा तास खाणं बंद आणि पाणी चालू, हे बरोबर. शेवटी खुराक बंद करून नुसतं गवत चारलं की ई. कोलाय जातो, असंही तुमच्या वाचनात येईल. १९९८ मध्ये अमेरिकेत गुरांवरच्या एका अभ्यासानं तशी आशा दाखवली होती, पण मेंढ्यांवरच्या प्रयोगांत गवतावरच्या मेंढ्यांनी हा जंतू उलट जास्त दिवस बाहेर टाकला. तेव्हा खुराकाची ऐनवेळी अदलाबदल करू नका, जे चालू आहे तेच ठेवा. टेम्पोत कोंबून, उन्हात तासन् तास नेलेलं जनावर घाबरून हगतं, एकमेकांची अंगं भरवतं. सकाळी लवकर आणि सुटसुटीत न्या. वडगावच्या बाजारातून आणलेली जनावरं त्याच दिवशी तुमच्या कळपात सोडू नका, ती दोन-तीन आठवडे वेगळी बांधा.

खाटकाचं काम तुमच्या हातात नाही, पण तुम्ही विचारू शकता. जनावर टांगून सोलतो की जमिनीवर? लोकर धरलेला हात मांसाला लागतो का? अन्ननलिका आणि गुदद्वार बांधून मग पोट काढतो का? लोकर कापायची सुरी आणि मांसाची सुरी वेगळी आहे का, आणि कडक गरम पाणी जवळ असतं का? वजडी त्याच ओट्यावर धुतो का? चांगला खाटीक या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो त्याच्याबद्दल काय समजायचं ते तुम्ही समजा.

आणि स्वयंपाकघर. आपलं सुकं मटण, तांबडा-पांढरा रस्सा हे तासभर शिजतं, त्यात ई. कोलाय किंवा साल्मोनेला टिकत नाही, ७० अंशांच्या पुढं ते मरतात. ते ताटात येतात ते दुसऱ्या वाटेनं. मटण तोडलेल्या लाकडी ठोकळ्यावरच कांदा चिरला, कच्चं मटण धुतलेल्या हातानंच कोशिंबीर कालवली, लिंबू कापलं. कोल्हापुरी ताटात कांदा-लिंबू कच्चंच असतं. खिमा आणि कबाबचं मात्र वेगळं, कारण वरचे जंतू दळताना आत जातात. खिमा मधोमध गुलाबी राहता कामा नये.

एवढं सगळं बोललो म्हणून अँटिबायोटिक वाईट असा अर्थ काढू नका. न्यूमोनिया झालेल्या कोकराला, खूर सडलेल्या मेंढीला, वेल्यानंतर ताप आलेल्या मादीला ते द्यावंच लागतं, आणि वेळेवर द्यावं लागतं. फक्त त्या जनावराला, वजन बघून, ठरलेले सगळे दिवस, आणि वहीत तारीख लिहून. एका मागोमाग एक जनावर आजारी पडत असेल तर लेंडीचा किंवा मेलेल्या जनावराच्या अवयवांचा नमुना तपासून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून तो पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं पाठवता येतो. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आपल्याला जवळ आहे. कोणतं औषध लागू पडतं हे तिथं कळतं, अंदाजानं पुड्या बदलत बसावं लागत नाही.

बंदिस्त मेंढीपालनात पावडरीची सवय लागते ती बरेचदा वेगळ्याच कारणानं. खुराक वाढवला की सगळ्यात धष्टपुष्ट कोकरू रात्रीत मरून पडतं. मालक घाबरतो आणि दुकानदार अँटिबायोटिक देतो. तो बहुतेक वेळा आंत्रविषार असतो, म्हणजे आतड्यात जंतूंचं विष वाढून होणारा आजार, आणि त्याला लस आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस टोचा, पहिल्यांदा टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्या, मका भरडा हळूहळू वाढवा. पावडरीपेक्षा स्वस्तही पडतं.

राहिली ती आठ कोकरं. पावडर घातलेला खुराक उचलून टाका आणि दोन-तीन दिवस त्यांना शाळवाचा कडबा किंवा वाळलेलं गवत आणि भरपूर पाणी द्या. मका-पेंड आत्ता नको, बसलेलं पोट आणखी बिघडेल. रवंथ सुरू झाला की खुराक मूठभरापासून परत चालू करा. दोन दिवसांत रवंथ आलाच नाही, पोट डावीकडं फुगलं किंवा पातळ हगवण लागली तर पशुवैद्याला बोलवा, निरोगी मेंढीच्या कोठीपोटातला रस पाजून पोट लवकर मार्गी लागतं. आठही कोकरांच्या कानाला खूण करा आणि शेवटची पावडर दिल्याची तारीख लिहा. तिथून पुढं २८ दिवस त्यातलं एकही विकू नका. केटररची ऑर्डर त्याआधीची असेल तर बाकीच्या बत्तीसांतून भागवा आणि त्यांना तसं सांगा, वहीही दाखवा. ज्यांना जंतुमुक्त मटण हवंय त्यांना औषधमुक्त मटणाची वही दाखवता येणं हे तुमच्या भावासाठीही बरं. उरलेली पुडी उकिरड्यात किंवा ओढ्यात टाकू नका, दुकानदाराला परत द्या. आणि परत द्यायच्या आधी लेबलचा फोटो काढून ठेवा, आत नेमकं काय होतं ते तुमच्या पशुवैद्याला बघावं लागेल.